चाळीस हात अबोली

बुधवार, २० एप्रिल १९७७. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी गोजरबाई अबोलीच्या वाफ्यात पाटाच्या कडेला घसरून पडली. मोहोळकडून सोलापूरला जाणारी पॅसेंजर त्याच वेळी सडकेपलीकडून जात होती, म्हणून वेळ सगळ्यांच्या लक्षात राहिली. पडताना तिनं उजवा हात टेकला. ओटीत तोडलेली फुलं होती ती तशीच राहिली, एकही सांडलं नाही.

"कशाचा आवाज झाला गं?" तिनं बसल्या जागी विचारलं.

धाकटी सून रंभा दोन सऱ्या पलीकडं वाकून तोडत होती. आवाज तिनंही ऐकला होता. वाळलेली तुरकाठी मोडावी तसा. ती धावत आली तेव्हा सासूचं मनगट वर उचललेलं होतं आणि त्याखाली हात भलत्याच बाजूला वळला होता.

"आत्याबाई, हात."

"दिसतंय मला. आदी ओटी सोडून घे."

साडेआठला हाडं बसवणारा तिप्पण्णा आला. तो अक्कलकोटाकडचा, बोलताना कानडी मधेमधे घालायचा. त्यानं अंड्याचा बलक आणि चुना कालवला, फडकं भिजवलं आणि मनगट दोन्ही हातांनी धरून ओढलं. गोजरबाई ओरडली नाही, तिनं पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली. वरून बांबूच्या सहा कामट्या बांधून झाल्यावर तिप्पण्णा म्हणाला, "बांदलं. अव्वा, पाच हप्ते हात हालवायचा न्हाई. हालवला की माझ्या नावानं बोंब मारायची न्हाई."

"आनि फुलं कोन देनार?" गोजरबाई म्हणाली.

प्रश्न खरा होता. विहिरीच्या कडेला दहा गुंठे अबोली होती, बावीस वाफे. निम्मे एक दिवशी तोडायचे, निम्मे दुसऱ्या दिवशी. अबोलीचं कणीस गव्हाच्या लोंबीसारखं असतं. खालून वर रोज दोन-तीन फुलं उमलतात, आणि एक दिवस चुकलं तर ती पिवळी पडून गळतात. वास नाही, वजन नाही. सोलापूरच्या मंडईत वजनानं विकायला गेलं तर पाटीभर फुलांचं काहीच भरत नाही. म्हणून गोजरबाईनं बावीस वर्षांपूर्वी मंडई सोडली आणि भद्रावती पेठेतल्या विणकरांची घरं धरली. तेलुगू बायकांना अबोली, त्यांचं कनकांबर, डोक्यात लागतंच. नऊ घरांचा रतीब होता. फुलं केळीच्या सोपाच्या, वाळल्या सालीच्या, दोऱ्यात चार-चार बांधून माळ करायची, ओल्या फडक्यात गुंडाळून न्यायची आणि दारात हातानं मोजून द्यायची. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. तेलुगू घरं त्याला मूर म्हणत, दोन कानडी घरं मोळ म्हणत. हात मात्र गोजरबाईचा. ती उंच होती, आणि तिचा उजवा हात त्या गल्लीत सगळ्यांना पाठ होता.

त्या दिवशी नऊच्या एस.टी.नं रंभा एकटी गेली. याआधी ती दोनदाच सोलापूरला गेली होती आणि दोन्ही वेळा सासूच्या मागून चालली होती.

पहिलंच घर सावित्रम्माचं. आत चार माग, चादरी निघायच्या. मागांच्या आवाजात माणसाचं बोलणं ओरडल्याशिवाय ऐकू जात नसे. सावित्रम्मा पन्नाशीची, ठेंगणी, कपाळाला मोठं कुंकू. तिनं रंभाच्या मागं गल्लीत पाहिलं.

"अत्तम्मा येक्कडा? कुटं हाय सासू?"

"हात मोडला. मी आलेय."

रंभानं माळ सोडली, कोपराला टोक लावलं, बोटापर्यंत ताणली. सावित्रम्मा बघत राहिली. मग तिनं स्वतःच रंभाचा हात धरला, ओसरीवर आडवा ठेवला आणि त्याच्या पुढं आपली तीन बोटं लावली.

"तीन बोटं कमी हाय. हे काय, पोरीचा हात की बाईचा?"

आतून तिची मुलगी हसली. तिचं लग्न पुढच्या महिन्यात होतं. शेजारच्या दोघीतिघी बाहेर आल्या. एकीनं रंभाला दोन्ही हात पुढं करायला लावले, दुसरा तरी लांब आहे का बघायला. रंभानं केले. उन्हात तिचे हात लहान दिसले. नखांत हिरवं गेलेलं होतं.

"वर तीन बोटं देते की मी," रंभा म्हणाली.

"कुणाची?"

"माजी."

"तुजी बोटं पन बारकी. माजी लाव."

रंभानं सावित्रम्माची तीन बोटं लावली. दुसऱ्या घरी त्या बाईची लावली, ती जाड होती. तिसऱ्या घरी म्हातारीनं चार लावली. सातव्या घरी माळ संपली. शेवटच्या दोन घरी तिनं दारातूनच "उद्या देते" म्हटलं आणि आत काय म्हणतात ते ऐकायला थांबली नाही.

परतीच्या एस.टी.त ती बायकांचे हात बघत होती. दांडीला धरलेले, मांडीवर ठेवलेले. जवळजवळ सगळेच तिच्या हातापेक्षा लांब होते.

घरी थोरला दीर मानसिंग जेवायला बसला होता. अबोली त्याला कधीच आवडली नव्हती. विहीर एक, पाणी उन्हाळ्यात दीड तास, आणि त्यातलं अर्धं अबोली प्यायची. त्याच्या मनात त्या दहा गुंठ्यांसकट सगळा तुकडा ऊस होता. बापाच्या माघारी घरात त्याचा शब्द चाले, पण अबोली आईची म्हणून तो आजवर गप्प होता.

"किती घरांनी घेतली?" त्यानं भाकरीवरून मान न उचलता विचारलं.

"सात," रंभा डोक्यावरचा पदर पुढं ओढून म्हणाली.

"नवाची सात एका दिसात. आय, मी आज बोलतो, मागनं म्हनू नगं. पाच घरं हायत तवर पानी देतो. पाचाच्या खाली आली की मिरगाला नांगर घालनार. चार घरासाठी हीर आटवायची न्हाई."

गोजरबाई भिंतीला टेकून बसली होती, कामट्यांचा हात मांडीवर. "मिरगापत्तूर माजा हात बरा हुतोय," ती म्हणाली.

"मग बरंच की."

रंभाचा नवरा महिपती चुलीजवळ बसून विळ्याची मूठ ठोकत होता. ऊस झाला तर त्या रानात दोन भावांचं काम उरत नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. मानसिंगनं ते गेल्या दिवाळीत बोलूनही दाखवलं होतं: महिपतीनं अक्कलकोट रोडला टॉवेलाच्या कारखान्यात मागावर जावं, खोली घ्यावी. घरात अबोली होती म्हणून रंभा आणि महिपती तिथं होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोजरबाईचा डोळा लागला तेव्हा रंभा तुरकाठी घेऊन तिच्या शेजारी बसली. उजवा हात बांधलेला. तिनं डावा हात हळूच सरळ केला, काठी कोपराला लावली आणि मधल्या बोटाच्या टोकाशी नखानं खूण केली. माणसाचे दोन्ही हात सारखे असतात, असं तिला वाटलं, आणि ते बरोबरही होतं.

थोरली जाऊ बजाबाई दारात आली.

"अगं ए! निजल्या मान्साचं माप काठीनं घेतीस? कुटं न्यायचीय त्यास्नी?"

"अक्का, हळू बोला. माळंसाटी घेतेय."

"कशासाटी बी घे. मड्याचं घेत्यात तसं." बजाबाईनं पदराचा शेव तोंडाला लावला. "माज्या म्होरं तर करू नगं."

गोजरबाई जागी झाली नव्हती. रंभानं काठी खुणेवर मोडली, टोकं दगडावर घासून गुळगुळीत केली.

शुक्रवारी तिनं सावित्रम्माच्या ओसरीवर ती काठी पाटीतून बाहेर काढली तेव्हा तिच्या मनात खोट नव्हती. उलट बस सुटल्यापासून तिला ते दाखवायची घाई झाली होती. आत्याबाईंचाच हात आहे, एक फूल कमी नाही, एक जास्त नाही. तिनं माळ काठीला लावली आणि वर पाहिलं.

सावित्रम्मा मागं सरकली होती.

"अय्यो. काठी काय आनलीस?"

"मापाची. आत्याबाईच्या हाताएवडी हाय बगा. मोजून घेतलीय."

"शिवा शिवा. काठीनं आमी कशाचं माप घेतो ठाऊक हाय का तुला?" तिनं आवाज खाली आणला, मागांच्या आवाजात रंभाला तिच्या ओठांवरूनच कळलं. "मानूस गेल्यावर. बांबू आनतात तेव्हा. माज्या घरात सव्वीस तारखेला लगीन हाय, आनि तू काठीनं मोजून फूल देतीस पोरीच्या डोक्यात घालायला?"

आतून तिचा नवरा नरसय्या आला. खांद्यावर सुताची लड, कानावर पेन्सिल. त्यानं काठी उचलून डोळ्यासमोर धरली.

"माप बराबर हाय," तो म्हणाला. "सरळ बी कापलीय."

"तुमी आत जावा ओ," सावित्रम्मा म्हणाली. मग रंभाकडं वळली. "माज्या घरात लोखंडाचा गज हाय. चार मागाचं घर, गज नसंल का? चादर मोजतो त्यानं. फुलाला लावला न्हाई कदी. माल मोजायचा असतो. फूल द्यायचं असतं. मूर अंटे चेय्यि. मूर म्हंजे हात."

"माजा हात तुमास्नी चालंना, काठी बी चालंना. मग करू काय?"

"लग्नाला चाळीस मूर सांगितलीय तुज्या सासूला. तिचा हात आन, घेते. तवर नको."

सावित्रम्माच्या रांगेतल्या आणखी तीन घरांनी त्याच दिवशी नको म्हटलं. काठीची गोष्ट रंभाच्या आधी त्यांच्या दारात पोचली होती. उरली पाच घरं. तिथं रंभानं आपलाच हात लावला आणि वर न मोजता थोडी माळ सोडली. काठी तिनं कस्तुरबा मंडईच्या बाहेर उकिरड्यावर टाकली.

गोजरबाईला ती खोटं बोलली नाही. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं.

"डाव्या हाताचं घेतलंस?"

"व्हय."

"मी तरी डाव्या हातानं मोजून दिली असती की. पन डाव्या हातानं कुनी घेत न्हाई फूल." मग म्हणाली, "मला इचारलं असतंस तर मी काठी न्हाई म्हनले असते. इचारायचं असतं, रंभे."

मे महिना लागला. रान सहा वाजताच तापू लागलं. पाण्याची पाळी चौथ्या दिवसावरून सहाव्यावर गेली. अबोली सुकत नव्हती, तिला सावली-उन्हाचं फारसं काही नसतं, पण कणसं आखूड होऊ लागली आणि फुलं बारीक. महिना अर्धा सरायच्या आत उत्तरेकडच्या चार वाफ्यांत मर पडली. सकाळी बरं असलेलं झाड दुपारी मान टाकी आणि दुसऱ्या दिवशी पानं हळदीसारखी होत. उपटलं की मुळं काळी, हातात नुसती साल यायची. रंभा उपटलेली झाडं बांधावर नेऊन जाळायची. मानसिंग जाता-येता त्या ढिगाकडं बघायचा आणि काही म्हणायचा नाही. त्याचं न म्हणणं तिला जास्त लागायचं.

सहाव्या दिवशी पाणी आलं की ती पाटाच्या कडेनं खुरपं घेऊन धावायची. वाळलेल्या कणसांवर पाणी उडालं की बोंडं टच् टच् फुटत, बी गालावर आणि पापणीवर येऊन लागे. एका दुपारी तिनं मानेवरून, झंपरातून बी वेचून काढलं आणि त्याच्या शिवणीत अडकलेलंही सोडवलं. मग बियांची मूठ हातात धरून उभी राहिली. उत्तरेच्या चार वाफ्यांत ती टाकावी की नाही हे तिला ठरवता येईना. शेवटी तिनं टाकली नाही, पदराला बांधली.

१९ मे रोजी पाच घरांतलं एक घर माग विकून भिवंडीला गेलं. निरोप देणारं कुणी नव्हतं. रंभा दारात माळ घेऊन उभी राहिली तेव्हा आत नुसत्या मागाच्या खड्ड्यांची माती दिसली. चार घरं.

त्या संध्याकाळी महिपती सायकलीवरून उशिरा आला. चेहऱ्याला सुताची पांढरी लव चिकटली होती.

"कुटं गेला हुता?" रंभानं विचारलं.

"अक्कलकोट रोडला. बगून आलो."

"काय बगितलं?"

"माग बगितला. मानूस बी बगितलं चालवताना." तो पायरीवर बसला. "आवाज लई हाय. एक खोली दावली. शेडच्या मागं. खिडकी न्हाई."

"तुमी व्हय म्हनला?"

"न्हाई म्हनलो न्हाई."

रंभा पीठ मळत होती. तिनं परात पुढं ढकलली, परत ओढली. "लगीन हुईस्तवर तरी कुनाला काय म्हनू नगा. आत्याबाईचा हात सव्वीसच्या आदी सुटनार हाय. सावित्रम्मा म्हनलीय, हात आन. तिनं घेतली की तिची रांग येती. मग आठ घरं."

"आनि न्हाई आली तर?"

"तुमाला बोलायचं असंल तर थोरल्या दादांस्नी बोला, मला नगा बोलू."

महिपती उठून बैलांना वैरण टाकायला गेला.

२५ मे, बुधवार. सकाळी आठला तिप्पण्णानं कामट्या सोडल्या. आतलं कातडं पांढरं पडलं होतं, केसांचे चिकट झुबके झाले होते, वास येत होता. त्यानं कोमट तेल लावलं आणि मनगट हळू फिरवलं. ते थोडंच फिरलं. अंगठ्याच्या बाजूला हाड खाली बसलं होतं आणि पंजा मागं उचलल्यासारखा दिसत होता. बोटं मिटत होती, पण मधलं बोट पुरतं सरळ होईना.

"जुनं हाड," तिप्पण्णा म्हणाला. "चाळीशीतलं असतं तर बसलं असतं. कामाला हुतंय, अव्वा. भाकरी थापता येतीय."

"भाकरी कोन थापतंय," गोजरबाई म्हणाली.

तो गेल्यावर ती बराच वेळ हाताकडं बघत बसली. मग म्हणाली, "रंभे, तुजा हात आन बरं."

रंभा शेजारी बसली. दोघींनी कोपरं जमिनीला टेकून हात उभे केले. कोपराला कोपर, बोटाला बोट. एका उंचीवर आले. गोजरबाईनं मधलं बोट डाव्या हातानं ओढून बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, बोट तेवढंच राहिलं.

"तीन बोटं गेली की गं," ती म्हणाली.

रंभानं आपला हात हळूच खाली घेतला.

"माळ किती बांदायची आपन?" गोजरबाईनं विचारलं.

"चाळीस. जुन्या हाताची. तसं सांगितलंय त्यांनी."

"जुन्या हाताचीच बांदू. मोजायचं तितं बगू."

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून सगळं घर तोडायला होतं. महिपती वाफ्यात वाकला. बजाबाईसुद्धा आली आणि "माझं कंबरडं" म्हणत तीन वाफे तोडून गेली. फुलं बारीक झाल्यामुळं एका हाताला दीडपट लागत होती. सोपाचा दोरा रंभाच्या बोटांत रुतून कातडं सोललं. सुरुवातीचे दोन हात गोजरबाईनं जुन्या सवयीच्या अंदाजानं बांधून दिले, ते धरून रंभानं पुढची माळ पुरी केली. ओल्या फडक्यात गुंडाळी केली तेव्हा ती कलिंगडाएवढी झाली.

सावित्रम्माचं घर मांडवाखाली होतं. माग बंद होते. रंभानं ते घर पहिल्यांदा शांत ऐकलं. बायका अंगणात बसल्या होत्या. गोजरबाई दिसताच सावित्रम्मा पुढं आली, दोन्ही हातांनी तिचा पंजा धरला आणि कपाळाला लावला.

"अत्तम्मा! आलं की माझं माप."

पाट टाकला. गोजरबाई बसली, माळेचं टोक कोपराला लावलं आणि वाकड्या बोटापर्यंत नेलं. सावकाश. प्रत्येक हाताला मनगट दुखे, ती खालचा ओठ दातांत धरी आणि सोडी. मुली मोठ्यानं मोजत होत्या. वकटि, रेंडु, मूडु. पंधराव्याला घाम आला. पंचविसाव्याला रंभानं हाताखाली हात धरला. चाळिसावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि माळा आत गेल्या. नवरीच्या वेणीवर आडव्या-उभ्या बांधायला दोन बायका बसल्यासुद्धा.

गोजरबाईनं उरलेल्यावर फडकं टाकलं. पण नरसय्या तिथंच उभा होता. धोतर नवं होतं, कानावर पेन्सिल तीच. त्यानं फडक्याचा कोपरा उचलला.

"किती बांदून आनली हुती?"

गोजरबाईनं रंभाकडं पाहिलं. रंभाला सांगता आलं असतं की पंचेचाळीस, वाटेत लागेल म्हणून.

"चाळीस," ती म्हणाली.

"चाळीस बांदली, चाळीस दिली. मग ही?" त्यानं माळ दोन बोटांत धरून झरझर पुढं सरकवली, सूत बघावं तशी. "पाचाला थोडी कमी हाय."

सावित्रम्मानं नवऱ्याकडं पाहिलं, मग माळेकडं, मग खाली बसून गोजरबाईचा हात उघडा करून पाहिला. अंगठ्याकडं हाड खाली बसलं होतं. तिनं बोट सरळ करायचा प्रयत्न केला, गोजरबाईनं झटक्यानं हात मागं घेतला.

"उतरला हात," सावित्रम्मा म्हणाली.

"उतरला," गोजरबाई म्हणाली. "ती ऱ्हायलेली घ्या. तुमचीच हाय."

"नको. चाळीस मूर सांगितली, चाळीस मिळाली." सावित्रम्मा उठली. "मूर तुजा हात. हात लहान झाला तर मूर लहान. त्यात काय. घरी न्या ती, देवाला घाला."

हे तिनं चांगल्या मनानं म्हटलं. कुणी हसलं नाही. एका म्हातारीनं गोजरबाईला लाडू आणून दिला आणि जेवून जा म्हणाली.

एस.टी. स्टँडपर्यंत गोजरबाई रंभाच्या पुढं चालली. बाकावर बसल्यावर तिनं लाडू रंभाच्या हातात दिला.

"मी आता यायची न्हाई."

"का ओ? घेतली की त्यांनी. पाचवं घर आलं. रांग बी येईल."

"बावीस वर्सं मी दिली आनि त्यांनी घेतली. आज त्यांनी मला दिलं. मला उद्या कमी हात लावून फूल देववनार न्हाई, आनि पुरा हात माज्यापाशी ऱ्हायला न्हाई." ती रस्त्याकडं बघत म्हणाली, "तुला जायचं तर जा. तुजा हात हाय."

"माजा हात तवा त्यांनी पोरीचा म्हनला."

"आता माज्याएवडा हाय की. जाऊन सांग."

रंभानं लाडू खाल्ला नाही, पाटीत ठेवला. बस येईपर्यंत ती तीनदा उठून रस्त्याच्या कडेला गेली आणि परत आली.

लग्नानंतर आठ-दहा दिवस सावित्रम्माकडं पाहुणे होते. दार उघडं असायचं पण तिला सवड नव्हती. चार घरांना माळ देऊन रंभा त्या रांगेवरून रोज जायची. सोमवार, ६ जून रोजी सावित्रम्मा ओसरीवर एकटी तांदूळ निवडताना सापडली. माग पुन्हा सुरू झाले होते.

रंभा पायरीखालीच उभी राहिली. "आत्याबाई येत न्हाईत म्हनल्या."

"का?"

"त्यांचं त्यांस्नी ठाऊक. माजा हात आनि त्यांचा आता सारखा झालाय. तुमी लग्नात घेतली ती माज्या हाताएवडीच घेतली." ती हे घरापासून मनात घोकत आली होती, पण मागांच्या आवाजामुळं ओरडून म्हणावं लागलं आणि भांडण काढल्यासारखं वाटलं. "मग माज्या हातानं का चालंना?"

सावित्रम्मा तांदळातला खडा बाजूला टाकून म्हणाली, "तिचा लांब हुता, लहान झाला. तुजा पयल्यापासनं लहान. सारखं कसं?"

"फुलं सारखीच लागत्यात."

"लागतात." सावित्रम्मानं सूप खाली ठेवलं. बराच वेळ रंभाच्या हाताकडं पाहिलं. या वेळी धरला नाही, बोटं लावली नाहीत. "एक दे आज. पोरगी आलीय माहेरी, तिच्या डोक्यात घालते. बाकीच्यांना इचारते. उद्या ये, सांगते."

रंभानं एक हात मोजून दिली, वर काही सोडलं नाही.

घरी तिनं झालं ते सांगितलं. मानसिंगनं ऐकलं. "उद्या म्हंजे मिरीग," तो म्हणाला. "मी सांगितलंय त्यात बदल न्हाई. पाच झाली तर ठेवतो. शब्द दिलाय. पन आज चारच हायत."

मंगळवार, ७ जून. सकाळी नऊ वाफे तोडून, माळ बांधून रंभा नऊच्या एस.टी.नं गेली. दहाला मानसिंगनं बैल जुंपले. आधी तो बाकीचं रान नांगरेल असं महिपतीला वाटलं होतं, पण त्यानं नांगर उत्तरेकडून अबोलीत घातला. मर पडलेल्या चार वाफ्यांत झाडं नव्हतीच, म्हणून कुणी आडवं आलं नाही. साडेबारापर्यंत ते चारही उलटले. पाचव्या वाफ्याच्या वरंब्याशी त्यानं बैल सोडले आणि भाकरी खायला लिंबाखाली बसला. नांगर तिथंच, फाळ मातीत ठेवून उभा होता. गोजरबाई पाचव्या वाफ्याच्या तोंडाला जाऊन बसली होती. महिपती सडकेवर एस.टी.ची वाट बघत होता.

सावित्रम्माचं उत्तर घेऊन येणारी रंभा दुपारी दीडच्या गाडीतून उतरली नव्हती. पुढची गाडी अडीचला होती.